पायांच्या फुगलेल्या शिरा आणि रुग्णालयाचें दप्तर

‘आज पाय फार भरून आले,’ हें वाक्य आपल्या कुटुंबांतून रोज संध्याकाळीं कोणी ना कोणी उच्चारीत असतें. बोलणारी बहुधा घरांतील वडील स्त्री असते. ऐकणारें मात्र बहुधा कोणी नसतें. घर चालवावयाचें म्हणजे पाय दुखावयाचेच, असें आपण सर्वांनीं गृहीत धरून ठेविलें आहे. यांतील पुष्कळसें दुखणें खरोखरच श्रमाचें असतें आणि रात्रीच्या झोपेबरोबर तें जातें. परंतु कित्येक पायांवर, पोटरीच्या मागें किंवा मांडीच्या आंतल्या बाजूस, हिरव्यानिळ्या, गांठाळ व नागमोडी शिरा उठून दिसूं लागतात. तेथील दुखणें झोपेनें जात नाहीं. वर्षागणिक तें वाढत जातें. डॉक्टर मंडळी या विकाराला ‘व्हेरिकोज व्हेन्स’ म्हणतात. मराठी परिभाषेंत त्यास ‘अपस्फीत नीला’ असें नांव आहे. या विकारासाठीं रुग्णालयांत कोण दाखल होतें, केव्हां होतें आणि कोण होतच नाहीं, या प्रश्नाचा विचार वाचकांपुढें ठेवावा असें आमच्या मनांत आलें, त्याला एक लहानसें निमित्त घडलें.

एका अंगणांतील तीन पाय

रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यांत कुंभिवली हें गांव आहे. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा मुलूख भाताचा. खोपोलीस १९१५ सालीं टाटांचें जलविद्युत्केंद्र सुरू झालें, पुढें त्या बाजूस एकामागून एक कारखाने आले, आणि आज या भागांतील पुष्कळ घरांत एकाचे पाय खाचरांत तर दुसऱ्याचे यंत्रापुढें असतात. गेल्या वर्षीं आषाढांत, ऐन लावणीच्या दिवसांत, तेथील एका स्नेह्यांच्या घरीं दोन दिवस राहण्याचा योग आम्हांला आला. घर मोठें, एकत्र कुटुंबाचें. चुली अद्यापि वेगळ्या झालेल्या नाहींत.

पहिल्याच सायंकाळीं ओटीवर गप्पा चालल्या असतां स्नेह्यांच्या पुतण्यानें आपल्या पायाची हकीकत सांगितली. तो जवळच्या एका कारखान्यांत कामास आहे. आठ तासांची पाळी, आणि ती सारी यंत्रापुढें उभ्यानें. तिशी उलटल्यावर डाव्या पोटरीवर शिरा दिसूं लागल्या. पाळी संपतां संपतां बूट घट्ट होऊं लागला. तो कामगार विम्याचा सभासद असल्यामुळें वेळेवर तपासणी झाली, लेसरनें शीर बंद करण्यांत आली, विम्याच्या भत्त्यावर कांहीं दिवस विश्रांति मिळाली, आणि तो पुन्हा कामावर रुजू झाला. हें सांगतांना त्यानें विजार वर करून पाय दाखविला. जागा शोधूं म्हटलें तरी सांपडत नव्हती.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याच मुलाची आई, म्हणजे घरांतल्या थोरल्या वहिनी, शेतावरच्या माणसांना न्याहारी देऊन परत आल्या. पायांचा चिखल धुण्यासाठीं त्यांनीं लुगडें घोट्याच्या किंचित् वर घेतलें, तेव्हां डाव्या घोट्याच्या आंतल्या बाजूस बांधलेली जुन्या धोतराची पट्टी आम्हांस दिसली. भोंवतालची कातडी काळवंडलेली व लांकडासारखी कठीण झालेली.

“वहिनी, हें काय?” आम्हीं विचारलें.

“कांहीं नाहीं हो भाऊजी. जुनेंच आहे. पावसांत चिघळतें, थंडींत सुकतें.”

“डॉक्टरांना दाखविलें का?”

“आतां लावणी आहे. मग गणपति, मग नवरात्र. दिवाळी झाली कीं पाहूं.”

ही दिवाळी कोणत्या वर्षाची, तें मात्र त्यांनीं सांगितलें नाहीं. मागाहून कळलें कीं जखम चार वर्षांची होती, आणि शिरा त्याहून कितीतरी जुन्या, दुसऱ्या बाळंतपणापासूनच्या. घरांत कोणाला हें ठाऊक नव्हतें असें नव्हे. परंतु ठाऊक असूनहि तें दुखणें आहे असें कोणाच्या मनांत आलें नव्हतें. ज्या मुलाचा पाय बरा झाला त्याच्याहि नाहीं.

अंगणाच्या कडेला लावणीची एक बाई भाकरी खात बसली होती. आमचें बोलणें ऐकून ती हंसली व आपला पाय पुढें करून म्हणाली, “माज्या बी हायेत तशा. पन मी इस्पितळात निजले, तर माजी मजुरी कोन देईल?” तिच्या पोटरीवरील शिरा करंगळीएवढ्या जाड होत्या.

एकाच अंगणांत एकाच विकाराचे हे तीन पाय. त्यांपैकीं रुग्णालयाच्या दप्तरांत नोंद एकाचीच. उद्यां कोणी तें दप्तर चाळलें तर हा विकार कारखान्यांतील तरुण पुरुषांना होतो, गृहिणींना व शेतमजुरांना होत नाहीं, असा निष्कर्ष त्यास काढावा लागेल. हा निष्कर्ष कोठें चुकतो हें समजण्यासाठीं प्रथम शिरा कां फुगतात तें पाहिलें पाहिजे.

शिरा कां फुगतात

हृदयांतून पायांकडे जाणारें रक्त हृदयाच्या दाबानें सहज खालीं उतरतें. परंतु पायांतून तें परत वर जावयाचें म्हणजे चार फूट चढण चढावयाची. या कामीं निसर्गानें दोन साहाय्यक दिले आहेत. एक म्हणजे पोटरीचे स्नायू. चालतांना ते आवळले कीं आंतील खोल शिरा पिळल्या जातात व रक्त वर ढकललें जातें. दुसरा साहाय्यक म्हणजे शिरांच्या आंत ठिकठिकाणीं असलेल्या नाजूक झडपा. विहिरीवरील पंपाच्या नळाच्या तळाशीं जशी एक झडप असते व ती चढलेलें पाणी पुन्हां विहिरींत उतरूं देत नाहीं, तशाच या झडपा वर गेलेलें रक्त खालीं येऊं देत नाहींत. इटलींतील पादुआ येथील फॅब्रिसियस यानें १६०३ सालीं या झडपांचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि त्याचाच शिष्य विल्यम हार्वे यानें १६२८ सालीं रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडतांना त्यांचा पुरावा म्हणून उपयोग केला.

माणूस निश्चल उभा राहिला म्हणजे घोट्याजवळच्या शिरेंतील दाब पाऱ्याच्या सुमारें ९० मिलिमीटरपर्यंत चढतो. तोच माणूस चालूं लागला, पोटरीचे स्नायू काम करूं लागले, कीं तो दाब ३० च्या आसपास उतरतो. झडपा निकामी झाल्या म्हणजे चालूनहि दाब पुरेसा उतरत नाहीं. रक्ताचा सारा स्तंभ वरून खालच्या शिरेवर येऊन टेकतो; शीर रुंदावते, लांबते, वांकडीतिकडी होते, आणि रुंदावल्यामुळें तिची पुढची झडपहि मिटेनाशी होते. अशा रीतीनें विकार आपणच आपणास वाढवीत जातो. मांडीच्या आंतल्या बाजूनें घोट्यापासून जांघेपर्यंत जाणारी लांब शीर बहुधा यांत प्रथम सांपडते.

आपल्या प्राचीन वैद्यांच्या नजरेंतूनहि हा विकार सुटला नव्हता. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत निरनिराळ्या ग्रंथींचें वर्णन करतांना ‘सिराज ग्रंथि’ सांगितला आहे. दुर्बळ मनुष्यानें झेपणार नाहींत असे श्रम केले असतां वायु शिरांच्या जाळ्यास ओढून पिळून वर उचललेली गोल गांठ निर्माण करतो, असा त्याचा आशय आहे. झडपांचें ज्ञान त्या काळीं नव्हतें. परंतु श्रम आणि शिरा यांचा संबंध मात्र अचूक हेरला होता.

केवळ श्रमच कारण असते तर प्रत्येक हमालाचे पाय असे झाले असते. त्यांच्या जोडीला आनुवंशिकता असते. फ्रान्समध्यें १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत आईवडील दोघांनाहि हा विकार असल्यास मुलांना तो होण्याचा संभव शेंकडा ९० आढळला. एकालाच असल्यास मुलींना ६२ व मुलांना २५. आणि दोघांनाहि नसल्यास २०. बाळंतपणें हें दुसरें मोठें कारण. गर्भारपणांत शिरांच्या भिंती शिथिल होतात, रक्ताचें प्रमाण वाढतें, वर गर्भाशयाचा भार येतो. बाळंतपणानंतर पुष्कळांच्या शिरा ओसरतात, परंतु प्रत्येक खेपेस थोड्या अधिक उरतात. वय आणि लठ्ठपणा हीं कारणें तर सर्वांना ठाऊक आहेत. ब्रिटनमधील सुमारें पांच लाख लोकांच्या माहितीवरून २०१८ सालीं झालेल्या अभ्यासांत उंच माणसांना हा धोका अधिक असल्याचें दिसून आलें; रक्ताचा स्तंभ जितका उंच तितका दाब अधिक, हें त्याचें एक सोपें स्पष्टीकरण.

दप्तर काय सांगतें, काय लपवितें

आतां रुग्णालयांच्या दप्तरांकडे वळूं. या बाबतींत डेन्मार्क देशाची व्यवस्था अनुकरणीय आहे. तेथें रुग्णालयांत दाखल होणाऱ्या प्रत्येक माणसाची नोंद एका राष्ट्रीय दप्तरांत होते, व ती त्या माणसाच्या व्यवसायाशीं ताडून पाहतां येते. २० ते ५९ वयाच्या सुमारें सोळा लक्ष नोकरदारांवर तीन वर्षें लक्ष ठेवून काढलेले निष्कर्ष २००० सालीं प्रसिद्ध झाले. ज्यांचें काम मुख्यतः उभ्यानें चालतें अशा पुरुषांना या विकारासाठीं रुग्णालयांत जाण्याची पाळी इतरांच्या १.८५ पट, आणि अशा स्त्रियांना २.६३ पट आली. पुढें बारा वर्षांच्या दुसऱ्या पाहणींत, २००५ सालीं, वजन, धूम्रपान, बाळंतपणें वगैरे गोष्टी हिशेबांत घेऊनहि हें प्रमाण पावणेदोन पटीच्या आसपासच राहिलें. नोकरीच्या वयांतील अशा दाखल रुग्णांपैकीं पांचव्या हिश्शाहून अधिक केवळ दीर्घकाळ उभें राहण्यामुळें घडले असावेत, असें त्या संशोधकांनीं अनुमान केलें.

येथपर्यंत दप्तर खरें बोलतें. परंतु तेंच दप्तर दुसऱ्या एका बाबतींत फसवितें. पाश्चात्य देशांतील रुग्णालयांत या विकारासाठीं येणाऱ्यांत स्त्रियाच अधिक असत, म्हणून हा स्त्रियांचा विकार, अशी समजूत तेथें फार दिवस रूढ होती. स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरांत संशोधकांनीं रुग्णालयाची वाट धरली नाहीं. त्यांनीं १८ ते ६४ वयाच्या १,५६६ सामान्य नागरिकांना चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें निवडून त्यांचे पाय तपासले. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणींत मोठ्या शिरा फुगलेल्या आढळल्या त्या पुरुषांपैकीं शेंकडा सुमारें ४० व स्त्रियांपैकीं शेंकडा सुमारें ३२ जणांत. म्हणजे विकार पुरुषांत कमी नव्हता; पुरुष डॉक्टरकडे कमी जात होते, इतकेंच.

आपल्याकडे चित्र नेमकें उलटें आहे. भारतांतील मोठ्या रुग्णालयांतून या विकाराच्या रुग्णांविषयीं जे वृत्तान्त प्रसिद्ध होतात, त्यांत बहुधा पुरुषांचेंच आधिक्य असतें. रुग्ण तिशी ते पन्नाशीच्या दरम्यानचे, शेतकरी, मजूर, यंत्रकामगार, पहारेकरी असे असतात. आणि त्यांतील पुष्कळजण कातडी काळी पडल्यावर किंवा जखम झाल्यावर आलेले असतात. एडिंबरोचा धडा लक्षांत ठेवला तर यावरून आपल्या स्त्रियांचे पाय निरोगी आहेत असें म्हणण्याचें धाडस कोणी करणार नाहीं. ज्यांना रजा मिळते, ज्यांचा विमा आहे, ज्यांच्या मागें दुसरें कोणी चूल पेटवितें, त्यांचीं नांवें दप्तरांत चढतात. विमेदार कामगारास आजारपणांत पगाराच्या शेंकडा ७० इतका भत्ता वर्षाकाठीं ९१ दिवसांपर्यंत मिळण्याची सोय राज्य विमा योजनेंत आहे. गृहिणीला असा भत्ता कोण देणार? कुटुंबीय म्हणून औषधोपचाराचा हक्क तिला पुष्कळदां असतो. नसते ती उसंत.

दप्तर वाचतांना आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. जगांतील रुग्णालयें रोगांच्या वर्गीकरणाची जी दहावी यादी वापरीत आलीं आहेत, तींत या विकाराला ‘आय ८३’ असा क्रमांक असून त्याच्या पोटांत चार भाग आहेत: जखमेसह, दाहासह, दोहोंसह, आणि दोन्ही नसलेला. एखाद्या रुग्णालयांत एकंदर किती रुग्ण आले यापेक्षां यांपैकीं कोणत्या भागांत किती आले, हा प्रश्न अधिक बोलका आहे. जखमेचे रुग्ण जेथें अधिक, तेथें लोक वेळ टळल्यावर येतात असें समजावें. शिवाय पूर्वीं शीर ओढून काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णास कित्येक दिवस खाटेवर ठेवीत; आतां पुष्कळ रुग्ण त्याच दिवशीं चालत घरीं जातात. त्यामुळें खाटांच्या हिशेबांत रुग्ण कमी झालेले दिसले, तरी विकार कमी झाला असें ठरत नाहीं.

कर्जत हें रेल्वेचें जुनें ठाणें. म्हणून एका रेल्वेच्या डॉक्टरांच्या कामाचा उल्लेख येथें करणें उचित होईल. डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनीं रेल्वे कामगारांचे पाय तपासून १९७२ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. दक्षिणेंतील कामगारांत शेंकडा सुमारें २५ जणांना, तर उत्तरेंतील कामगारांत शेंकडा सुमारें ७ जणांनाच हा विकार आढळला. हा फरक केवळ उभें राहण्यानें उलगडत नाहीं, असें पाहून त्यांनीं दोन्हीकडील आहारांतील भेदाकडे बोट दाखविलें. त्याच वर्षीं ब्रिटिश शस्त्रवैद्य डेनिस बर्किट यानेंहि चोथा नसलेलें अन्न व त्यामुळें होणारा मलावरोध यांचा या विकाराशीं संबंध जोडला. हें मत पुढें निर्णायकपणें सिद्ध झालें नाहीं. परंतु रुग्णालयांत बसून नव्हे, तर कामाच्या ठिकाणीं जाऊन पाय पाहण्याची मल्होत्रांची रीत आजहि शिकण्याजोगी आहे.

उभें राहण्याचा धंदा

कोणाकोणाला दिवसभर उभें राहावें लागतें, याची यादी केली तर ती फार लांबेल. शिक्षक, परिचारिका, वाहतुकीचे पोलीस, एस. टी. चे वाहक, केशकर्तन करणारे, उपाहारगृहांतील आचारी, दुकानांतील विक्रेत्या. कापडाच्या मोठ्या दुकानांत गिऱ्हाईक नसतांनाहि बसावयाचें नाहीं असा दंडक असे. त्याविरुद्ध केरळांतील विक्रेत्या स्त्रियांनीं चळवळ केली व २०१८ सालीं तेथील दुकान कायद्यांत बसण्याच्या हक्काची तरतूद झाली. २०२१ सालीं तामिळनाडूनेंहि तसेंच केलें. कल्पना नवी नव्हे. उभ्यानें काम करणाऱ्यांसाठीं बसण्याची सोय करावी, असें आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४४ व्या कलमांतच सांगितलें होतें.

परंतु ज्या कारखान्याला कोणताच कायदा लागू नाहीं, तो म्हणजे आपलें स्वयंपाकघर. आपल्या आज्या चुलीपुढें पाटावर बसून स्वयंपाक करीत. विळी, पाटा-वरवंटा, ताक घुसळणें, सर्व बैठें काम. त्याचे त्रास वेगळे होते. पुढें ओटा आला, गॅस आला. धुरांतून डोळे सुटले, ही मोठीच सुधारणा झाली. मात्र त्याबरोबर चहापासून रात्रीच्या झांकपाकीपर्यंतचें सारें काम उभ्यानें होऊं लागलें. एकत्र कुटुंबांत दहा-बारा पानें वाढावयाचीं असलीं तर ओट्यापुढील पाळी यंत्रापुढील पाळीहून लहान नसते, आणि रविवारीं ती अधिकच लांबते. आमच्या कुंभिवलीच्या वहिनी खाचरांत उतरत नाहींत. त्यांचें खाचर म्हणजे त्यांचा ओटा.

जखम होण्यापूर्वीं आणि झाल्यावर

प्लुटार्क या ग्रीक चरित्रकारानें रोमन सेनापति मारियस याची एक गोष्ट लिहून ठेविली आहे. त्याच्या दोन्ही पायांच्या शिरा फुगल्या होत्या. बांधून न घेतां त्यानें एका पायावर शस्त्रक्रिया करविली व हूं कीं चूं केलें नाहीं. परंतु शस्त्रवैद्य दुसऱ्या पायाकडे वळतांच, जें मिळतें तें या वेदनेच्या मोलाचें नाहीं, असें म्हणून त्यानें पाय मागें घेतला. पुष्कळ वाचकांच्या मनांत अद्यापि याच मारियसची भीति बसलेली असते. ती आतां सोडून द्यावी.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन शस्त्रवैद्यानें मांडीतील शीर बांधण्याची रीत रूढ केली, १९०७ सालीं बॅबकॉक यानें ती आंतून ओढून काढण्याची युक्ति शोधली, आणि विसाव्या शतकाच्या शेवटीं शिरेच्या आंत सूक्ष्म तार घालून उष्णतेनें ती बंद करण्याची कला आली. लेसर ही त्यांतीलच. पाय भूल देऊन बधिर करतात, टांक्यांची गरज क्वचित् लागते, आणि रुग्णास लागलीच चालावयास लावतात. कांहीं शिरा औषधाचा फेंस टोंचून बंद करतात. निकामी शीर बंद केली तर रक्त जाणार कोठून, अशी शंका पुष्कळांना येते. पायांतील बहुतेक रक्त खोल शिरांतूनच वर जातें. त्या शाबूत आहेत ना, हें ध्वनिलहरींच्या ‘डॉपलर’ तपासणीनें आधीं पाहून घेतात. इंग्लंडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेनें २०१३ सालीं हाच क्रम सांगितला: प्रथम तपासणी, मग उष्णतेचा उपचार, तो शक्य नसल्यास फेंस, आणि तोहि शक्य नसल्यास शस्त्रक्रिया.

दुर्लक्ष केलेल्या पायाचा प्रवास ठराविक असतो. प्रथम संध्याकाळची सूज व जडपणा. मग घोट्याच्या आंतल्या बाजूस खाज व काळसर डाग. मग कातडी कठीण होणें. आणि शेवटीं एखाद्या क्षुल्लक खरचटण्यावरून न भरणारी जखम. ही जखम मलमानें भरत नाहीं, कारण तिचें मूळ वरच्या झडपांत असतें. योग्य दाबाची पट्टी बांधणें हा तिचा पाया. इंग्लंडमध्यें ५०० रुग्णांवर झालेल्या व २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत केवळ पट्टी बांधलेल्यांपैकीं शेंकडा २८ जणांची जखम वर्षभरांत पुन्हा उघडली; पट्टीबरोबर शिरेवरहि शस्त्रक्रिया केलेल्यांत हें प्रमाण १२ वर आलें. तेथेंच ४५० रुग्णांवरील २०१८ च्या दुसऱ्या प्रयोगांत शीर लवकर बंद केलेल्यांची जखम भरण्यास मध्यम मानानें ५६ दिवस लागले, व थांबलेल्यांना ८२. ‘दिवाळीनंतर पाहूं’ या वाक्याची किंमत या आंकड्यांत आहे.

घरांत काय करावें

ज्यांना तासन् तास उभें राहावें लागतें त्यांनीं अर्ध्या तासानें चार पावलें चालावें, किंवा जागच्या जागीं दहा-वीस वेळां टांचा उचलून टेकवाव्या. एवढ्यानेंहि पोटरीचा पंप चालूं होतो. ओट्याशीं एक उंच स्टूल ठेवावें. भाजी निवडणें, चिरणें, कणीक मळणें हीं कामें बसून करतां येतात. दुपारीं पंधरा-वीस मिनिटें पाय उशांवर, छातीच्या पातळीहून वर ठेवून पडावें. रोज चालावें, वजन आटोक्यांत ठेवावें. दाबाचे लवचिक मोजे उपयोगी आहेत, पण ते डॉक्टरांच्या सल्ल्यानें व मापानें घ्यावे. मधुमेही, धूम्रपान करणारे व वृद्ध यांच्या पायांतील शुद्ध रक्ताचा पुरवठा आधीं तपासला पाहिजे, नाहींतर घट्ट मोजा अपाय करतो. दुखरी, लाल व तापलेली शीर तेल लावून चोळूं नये, ती दाखवावी. एकच पाय एकाएकीं सुजून दुखूं लागला तर त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें, आणि त्याबरोबर धाप लागली किंवा छातींत दुखलें तर क्षणाचाहि विलंब करूं नये.

एक सूचना प्रत्येक घरांत पाठ असावी. फुगलेली शीर कधीं कधीं न्हाणीघरांत किंवा झोपेंत फुटते व रक्ताचें थारोळें होतें. घाबरून वर दोरी आवळूं नये. माणसाला तेथेंच आडवें निजवावें, पाय उंच धरावा, स्वच्छ फडक्याची घडी त्या जागेवर घट्ट दाबून दहा मिनिटें न उचलतां धरावी, मग पट्टी बांधून रुग्णालयांत न्यावें. उभें राहून किंवा खुर्चीवर बसून रक्त थांबविण्याचा प्रयत्न केल्यानें प्राण गेल्याचीं उदाहरणें वैद्यकांत नमूद आहेत. आणि पाय वर उचलणें तर घरांतील शाळकरी मुलालाहि जमतें.

खर्चाची चिंता असेल त्यांनीं सरकारी रुग्णालयांत जावें. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेशीं जोडलेल्या रुग्णालयांत ‘आरोग्यमित्र’ असतात. आपला उपचार योजनेंत कसा बसतो, हें त्यांना विचारून घ्यावें.

कुंभिवलीच्या वहिनींची दिवाळी त्या वर्षीं लवकर आली. आम्ही निघण्यापूर्वीं रात्रीं पुतण्यास जवळ बसवून एवढेंच म्हटलें कीं, तुझ्या पायाला जी तपासणी लागली ती आईच्या पायालाहि लागेल. मुलगा बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. लावणी आटोपली त्याच आठवड्यांत त्यानें रजा टाकली व आईला घेऊन गेला. तपासणी झाली, पट्ट्या सुरू झाल्या, शीर बंद करण्यांत आली. गणपतींत वहिनी पाटावर बसून मोदक वळीत होत्या आणि ओट्यापाशीं दोघे मुलगे उभे होते, असें स्नेह्यांनीं कळविलें. मार्गशीर्षांत पत्र आलें तें वहिनींच्या हातचें. जखम भरली होती. खालीं दोन ओळी अधिक होत्या: “लावणीच्या बाईलाहि नेऊन आणलें. तिचा दिवस कार्तिकांत झोडणी संपल्यावरचा मिळाला. तेवढ्या दिवसांची मजुरी मीं दिली. घरांत कोणी नाहीं म्हटलें नाहीं.”

त्या अंगणांतील तिन्ही पाय आतां दप्तरांत आले. आमच्या वाचकांनीं आज रात्रीं निजण्यापूर्वीं आपल्या घरांतील वडील स्त्रियांना, आणि घरीं कामास येणाऱ्या बाईलाहि, एकदां विचारावें: पाय कसे आहेत? आणि ‘कांहीं नाहीं’ असें उत्तर आलें, तर तेवढ्यावर थांबूं नये.